डबाबंद मासा की चिकन : आठवड्याच्या हिशेबातून उत्तर

आपण विचारले आहे की, अंबडच्या कारखान्यात पाळ्या सांभाळून आणि खोलीवर एकट्याने राहून रोज चिकन शिजवणे जमत नाही, तेव्हा त्याऐवजी डबाबंद टूना किंवा सार्डिन खाल्ले तर चिकनच्या तोडीचे पोषण मिळेल का. आणि निफाडला राहणाऱ्या, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या, गुडघेदुखीने बेजार असलेल्या आपल्या आईंना हाच मासा हाडांसाठी म्हणून द्यावा का. थोडक्यात सांगायचे तर प्रथिनांपुरता विचार केल्यास डबाबंद मासा चिकनची जागा निर्धास्तपणे घेऊ शकतो. खरा फरक चरबीचा प्रकार, बी-१२ जीवनसत्त्व, काटे आणि मीठ या चार ठिकाणी पडतो, आणि तो किती पडेल हे डब्यात कोणता मासा आहे यावर ठरते. नाशिकमध्ये आहारसल्ल्याचे काम करताना हा प्रश्न मला अलीकडे वारंवार ऐकू येतो, विशेषतः व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांकडून, आणि त्यांतल्या बहुतेकांनी डबाबंद मासा म्हणजे टूना असे गृहीतच धरलेले असते. गोंधळाचे मूळ त्या गृहीतकात आहे.

आधी प्रथिने. कातडी काढलेल्या, शिजवलेल्या चिकन ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने आणि १६५ किलोकॅलरी असतात. मांडीच्या मांसात प्रथिने २५-२६ ग्रॅमपर्यंत खाली येतात आणि चरबी दुपटीच्याही वर जाते. पाण्यातल्या, निथळून घेतलेल्या टूनात प्रथिने १९ ते २५ ग्रॅम आणि कॅलरी ९० ते ११५ च्या दरम्यान भरतात. तेलातून निथळलेल्या सार्डिनमध्ये प्रथिने सुमारे २५ ग्रॅम आणि कॅलरी २०० च्या थोड्या वर असतात. हे आकडे अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांतले आहेत; ब्रँडनुसार त्यात थोडे खाली-वर होणारच. कोंबडी आणि मासा या दोन्हींची प्रथिने परिपूर्ण असतात, म्हणजे शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्ले त्यांत पुरेशा प्रमाणात मिळतात, आणि दोन्ही चांगली पचतात. स्नायूंसाठी यांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ अशी प्रतवारी करण्याचे काही कारण नाही.

येथे एक सूचना आवश्यक आहे, कारण तुलना करणारे बहुतेक जण तिच्यापाशी घसरतात. वरचा ३१ ग्रॅमचा आकडा शिजलेल्या मांसाचा आहे. कच्चे चिकन शिजताना पाणी सोडते आणि १०० ग्रॅमचे ७०-७५ ग्रॅमच उरते. कच्च्या ब्रेस्टमध्ये प्रथिने २२-२३ ग्रॅमच असतात. दुकानातून हाडांसह अर्धा किलो चिकन आणले, तर शिजून आणि हाडे वगळून ताटात पडणारे मांस साधारण पाव किलो असते. डबाबंद मासा मात्र आधीच शिजलेला असतो, त्यामुळे तो निथळल्यावर जेवढा भरतो तेवढाच खाल्ला जातो. तेव्हा कच्च्या चिकनचे वजन आणि डब्यावर छापलेले एकूण वजन यांची तुलना दोन्ही बाजूंनी फसवी असते. सल्ल्यासाठी आलेल्या मंडळींसमोर मी कधीकधी डबा उघडून, गाळणीत निथळून, वजनकाट्यावर ठेवून दाखवते. वर १८० ग्रॅम लिहिलेल्या टूनाच्या डब्यातून हाती येणारा मासा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो. बाकीचे पाणी किंवा तेल. त्यामुळे लेबलवर निथळलेले वजन कोठे लिहिले आहे ते शोधावे आणि प्रथिनांचा व पैशांचा हिशेब त्यावरच करावा.

आता टूनाकडे वळू. पोषणाच्या दृष्टीने पाण्यातला साधा टूना हा सार्डिनपेक्षा चिकन ब्रेस्टच्या अधिक जवळ आहे. प्रथिने भरपूर, चरबी जेमतेम एक ग्रॅम, कॅल्शियम नगण्य, आणि नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व दोघांतही १०० ग्रॅमला १३ मिलिग्रॅमच्या आसपास. मासा म्हटले की ज्या ओमेगा-३ मेदाम्लांची अपेक्षा असते, ती साध्या टूनात पाव ग्रॅमच्या आतबाहेर असतात. याचे एक कारण तो बहुधा स्किपजॅक या जातीचा, मुळातच कमी चरबीचा मासा असतो, आणि दुसरे कारण प्रक्रियेत आहे: टूना आधी वाफवतात, त्याचे काटे, कातडी आणि काळपट मांस काढून टाकतात आणि मगच पांढरट तुकडे डब्यात भरतात. वाफवताना जे तेल आणि रस निघून जातो तो परत येत नाही. टूनाच्या बाजूने सांगण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. त्यात सेलेनियम चिकनपेक्षा बरेच जास्त असते, आणि बी-१२ सुमारे अडीच ते तीन मायक्रोग्रॅम असते, जे ब्रेस्टमध्ये अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा नसते. तरीही, जो माणूस आधीच आठवड्यातून चार दिवस चिकन खातो, त्याने पाचव्या दिवशी टूना खाल्ला तर सोय जरूर होईल, पण आहारात नवी भर फारशी पडणार नाही.

ती भर सार्डिन, म्हणजे आपल्याकडच्या तारलीच्या जातकुळीतले मासे, आणि बांगडा घालतात. हे मासे लहान आणि तेलकट असतात आणि बहुधा काट्यांसकट डब्यात भरले जातात. बंद डबा दाबाखाली ११६ ते १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तेव्हा काटे इतके मऊ होतात की बोटांनी चुरडले तर पीठ होते. ते काढून टाकू नयेत, कारण डब्यातल्या माशाचे कॅल्शियम जवळजवळ सगळे त्यांतच असते. काट्यांसह खाल्लेल्या १०० ग्रॅम सार्डिनमध्ये सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम भरते. चिकनमध्ये ते १५ मिलिग्रॅम असते. ईपीए आणि डीएचए ही दोन समुद्री ओमेगा-३ मेदाम्ले मिळून सार्डिनमध्ये एक ग्रॅमच्या जवळ जातात, डबाबंद बांगड्यात थोडी अधिकच, आणि चिकनमध्ये दोन-तीन शतांश ग्रॅम. ड जीवनसत्त्व सार्डिनमध्ये सुमारे १९० आंतरराष्ट्रीय एकक (आययू) आणि बी-१२ जवळजवळ नऊ मायक्रोग्रॅम. लोहसुद्धा चिकनपेक्षा अधिक, तीन मिलिग्रॅमच्या घरात.

हे आकडे वाचून सार्डिनचा डबा म्हणजे रामबाण औषध असे वाटण्याचा संभव आहे, आणि समाजमाध्यमांवर तसे सांगणाऱ्यांची वाणही नाही. म्हणून मी नेहमी आठवड्याचा हिशेब मांडून दाखवते. १०० ग्रॅममध्ये काय आहे यापेक्षा, आपण प्रत्यक्षात आठवड्यातून किती खाणार आणि आठवड्याची गरज किती, हे पाहिले की चित्र बरेच बदलते.

समजा, आपल्या आई आठवड्यातून दोनदा ५०-५० ग्रॅम, म्हणजे एकूण १०० ग्रॅम सार्डिन खातील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे आठवड्याला ७००० मिलिग्रॅम. त्यात डब्यातून आलेले ३८० मिलिग्रॅम म्हणजे पाच-साडेपाच टक्के झाले. तेवढे कॅल्शियम तीन-सव्वातीनशे मिलिलिटर दुधात मिळते; १०० ग्रॅम नाचणीच्या पिठातही जवळपास तेवढेच असते. ड जीवनसत्त्वाची शिफारस दिवसाला ६०० एककांची आहे, आठवड्याला ४२०० ची. त्यापुढे १९० एकक हा आकडा तितकाच किरकोळ आहे. याचा अर्थ, हाडांसाठी म्हणून डबाबंद मासा सुरू करायचा आणि दूध, ताक, नाचणी, तीळ, मेथी यांकडे दुर्लक्ष करायचे, हा व्यवहार तोट्याचा ठरेल. शिवाय गुडघ्यांचे दुखणे बहुतेक वेळा कूर्चेच्या झिजेचे आणि वजनाचे असते, कॅल्शियमच्या कमतरतेचे नसते, हेही आईंना सांगावे.

याउलट बी-१२ पाहा. त्याची गरज दिवसाला सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे आठवड्याला साडेपंधरा ते साडेसतरा मायक्रोग्रॅमची आहे. १०० ग्रॅम सार्डिनमधून कागदावर त्यातला निम्म्याहून अधिक वाटा मिळतो. कागदावर असे म्हटले, कारण शरीर एका जेवणातून साधारण दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ च सहज शोषू शकते, त्यापुढचे बरेचसे वाया जाते. म्हणून एकदाच संपूर्ण डबा फस्त करण्याऐवजी तोच मासा दोन किंवा तीन जेवणांत विभागून घेणे अधिक शहाणपणाचे. आपल्याकडच्या अनेक घरांत सोमवार, गुरुवार, एकादशी, पुढे श्रावण आणि कुठे कुठे पूर्ण चातुर्मास पाळला जातो. मांसाहारी म्हणवणाऱ्या कुटुंबातही प्रत्यक्ष मांसाहार आठवड्यातून एकदा, तोही चिकनचा होतो. चिकन खातो म्हणजे बी-१२ मिळत असणारच, अशी समजूत बाळगणाऱ्यांचे रक्तातील प्रमाण कमी आलेले मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि तक्ता पाहिला तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. आपल्या आईंच्या मधुमेहाच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल, तर दीर्घकाळच्या वापराने तिच्यामुळे बी-१२ चे शोषण आणखी घटू शकते.

ओमेगा-३ चा हिशेबही असाच बोलका आहे. ईपीए व डीएचए मिळून दिवसाला सुमारे २५० मिलिग्रॅम घ्यावीत, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. आठवड्याची बेरीज पावणेदोन ग्रॅम. १०० ग्रॅम सार्डिन त्यातला निम्म्याहून अधिक वाटा देते, तेवढाच साधा टूना सुमारे सातवा हिस्सा देतो, आणि चिकन तर या रकान्यात मोजावे असे काही देतच नाही. घरात जवसाची चटणी असते, मग माशाची गरज काय, असा प्रश्न मला येथे नेमका विचारला जातो. जवस उत्तमच आहे, पण त्यातले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते. शरीर त्यातून ईपीए थोडेसे आणि डीएचए अगदीच अल्प बनवू शकते. चटणी चालू ठेवावी. माशाची बरोबरी मात्र तिच्याकडून अपेक्षू नये.

डबाबंद करण्याच्या प्रक्रियेत पोषण नष्ट होते का, ही शंका रास्त आहे. उष्णतेने थायमिन, म्हणजे बी-१, बऱ्यापैकी नष्ट होते, इतर काही ब जीवनसत्त्वे थोडी घटतात किंवा पाण्यात उतरतात. प्रथिने, खनिजे आणि ओमेगा-३ यांचे मोठे नुकसान होत नाही, कारण डबा हवाबंद असतो आणि चरबी खवट होण्यासाठी लागणारा प्राणवायू आत नसतो. बी-१ साठी आपण मासा खात नाही. ते डाळी आणि धान्यांतून येते. ताज्या माशाबद्दलही नाशिककरांनी थोडे वास्तववादी असावे. आपल्याकडे समुद्राचा मासा बर्फात कसारा घाट चढून येतो, आणि तारली व बांगडा हे नेमके सर्वांत लवकर उतरणारे मासे आहेत. जून-जुलैमधल्या मासेमारीबंदीच्या काळात तर येणारा समुद्री माल बराचसा गोठवलेला असतो. खात्रीच्या विक्रेत्याकडे ताठ, लालभडक कल्ल्यांचा बांगडा मिळाला तर तो डब्यापेक्षा केव्हाही पसंत करावा. त्यात मीठ नाही आणि ओमेगा-३ भरपूर आहे, फक्त काट्यांतले कॅल्शियम मिळणार नाही. गंगापूर धरणाकडचे रोहू-कटला प्रथिनांसाठी चांगले आहेत, परंतु ओमेगा-३ मध्ये ते तारली-बांगड्याची बरोबरी करत नाहीत. आठवडे बाजारातल्या सुक्या माशांविषयी एवढेच सांगते की, कवचासकट खाल्ला जाणारा जवळा कॅल्शियमसाठी चांगला, आणि खारवलेला बांगडा रक्तदाबाच्या रुग्णाने टाळलेला बरा.

पाण्यातला घ्यावा की तेलातला, याचे उत्तर कॅलरीपुरते नसते. पाण्यातला मासा निथळला तर त्याची चरबी माशातच राहते, कारण ती पाण्यात मिसळत नाही. तेलातल्या माशाची स्वतःची चरबी मात्र भोवतीच्या तेलात काही प्रमाणात उतरते, आणि ते तेल ओतून देताना थोडे ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्वही नाल्यात जाते. ते तेल बहुधा सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे असते, म्हणजे ज्याची आपल्या स्वयंपाकात आधीच रेलचेल आहे असे. टूना घ्यायचा तर पाण्यातला घ्यावा. सार्डिन पाण्यातले किंवा मिठाच्या पाण्यातले मिळाले तर पाहावे. तेलातलेच मिळाले तर निथळून, पण निपटून न काढता, त्यातलेच चमचाभर तेल फोडणीला वापरावे आणि वेगळे तेल घालू नये. टोमॅटो सॉसमधला डबाही चालतो, मात्र सॉस खाल्ला जातो म्हणून त्यातले मीठ आणि साखर लेबलवर वाचावी. कोणताही डबाबंद मासा पुन्हा तळू नये.

मीठ हा डबाबंद माशावरचा सर्वांत खरा आक्षेप आहे. साध्या चिकनमध्ये नैसर्गिक सोडियम १०० ग्रॅमला ७५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. टूनाच्या डब्यात अडीचशे ते साडेतीनशे, सार्डिनमध्ये ३०० ते ५००, आणि चवदार मसाला घातलेल्या डब्यांत त्याहूनही अधिक. सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे पाच ग्रॅम मिठाची मर्यादा सांगते. पण येथेही तुलना ताटातली हवी. आपण चिकन बिनमिठाचे खात नाही. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात अर्धा किलो चिकनला दीड चमचा, म्हणजे साडेसात ग्रॅम मीठ पडले आणि चौघांनी तो रस्सा वाटून खाल्ला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसातशे मिलिग्रॅम सोडियम येते, म्हणजे ५० ग्रॅम सार्डिनमधल्या मिठाच्या तिप्पट-चौपट. तर्री वरून ओरपली की तेलाचा हिशेब निराळाच. तात्पर्य, डब्यातला मासा शिजवताना वरून मीठ अजिबात घातले नाही तर तो आपल्या नेहमीच्या रश्श्यापेक्षा जास्त खारट ठरत नाही; पण कांदा-टोमॅटोवर परतताना सवयीने पुन्हा चिमूटभर मीठ पडले आणि सोबत पापड-लोणचे आले, तर रक्तदाबाच्या रुग्णासाठी तोच मासा अडचणीचा होतो. मासा गाळणीत घेऊन साध्या पाण्याने एकदा विसळला तर टूनातले सोडियम बऱ्यापैकी कमी होते. सार्डिन विसळताना तुटतात, त्यामुळे तेथे कमी मिठाचा डबा शोधणेच सोयीचे.

कोंबडीचे मांस डब्यात घातले तर कमी सोडियमचा हा फायदा तेही गमावते. परदेशात मिळणाऱ्या डबाबंद चिकनमध्ये सोडियम साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅमपर्यंत असते, आणि त्या बदल्यात काटे किंवा ओमेगा-३ असे जास्तीचे काही मिळत नाही. आपल्याकडे ते क्वचितच दिसते, म्हणून त्याचा विस्तार करत नाही. त्याची जागा येथे गोठवलेल्या नगेट्स आणि सॉसेजनी घेतली आहे. नगेट्समध्ये प्रथिने १५ ग्रॅमच्या आसपास आणि चरबी त्याहून अधिक असते. चिकन खाल्ले या हिशेबात त्यांना धरू नये.

ताज्या चिकनची बाजू मात्र मजबूत आहे आणि ती मांडायला हवी. नाशिक हा कुक्कुटपालनाचा मोठा जिल्हा आहे; डोळ्यांसमोर कापलेले, बर्फाशिवायचे चिकन आपल्याला गल्लीत मिळते आणि प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममागे ते डबाबंद माशापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. मीठ आणि तेल किती घालायचे हे आपल्या हातात राहते. ब्रेस्टमध्ये बी-६ टूनापेक्षा अधिक, आणि मांडीच्या मांसात जस्त चांगले असते. ज्यांना लोह आणि फोलेट हवे आहे त्यांनी तर माशाच्या डब्याऐवजी कोंबडीच्या कलेजीचा विचार करावा: शिजलेल्या १०० ग्रॅम कलेजीत ११-१२ मिलिग्रॅम लोह असते, आणि बी-१२ सार्डिनपेक्षाही अधिक. पंधरवड्यातून एक-दोन वेळा ५०-६० ग्रॅम पुरे. त्यात अ जीवनसत्त्व अतिशय जास्त असल्यामुळे गरोदर स्त्रियांनी ती टाळावी.

पाऱ्याची भीती टूनाबाबत काही अंशी खरी आणि सार्डिनबाबत जवळजवळ निराधार आहे. मोठे, जास्त जगणारे मासे लहान माशांना खाऊन पारा साठवत जातात. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत साध्या डबाबंद टूनात पाऱ्याचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत ०.१३, अल्बाकोर या पांढऱ्या टूनात ०.३५, आणि सार्डिनमध्ये ०.०१३ आढळले आहे. निरोगी प्रौढाने साधा टूना आठवड्यातून दोन-तीनदा खाण्यास हरकत नाही. रोज एक डबा, तोही महिनोन्महिने, हा काही तरुणांचा परिपाठ मात्र मला मान्य नाही.

आता आपल्यापुरते. आपले वजन ७० किलो धरले, तर साधी गरज किलोमागे ०.८३ ग्रॅमप्रमाणे ५८ ग्रॅम प्रथिनांची आहे. नियमित वजने उचलत असाल तर ती १०० ग्रॅमच्या आसपास धरावी. दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, पेलाभर दूध, वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे यांतून ४५-५० ग्रॅम निघतात. उरलेल्यासाठी १५० ग्रॅम शिजलेले चिकन किंवा एक निथळलेला टूनाचा डबा आणि त्यासोबतच्या भाकरी पुरेशा आहेत. माझा सल्ला असा की, सुट्टीच्या दिवशी किलोभर चिकन कमी तेलात शिजवून, त्याच दिवशी भाग करून फ्रीजमध्ये ठेवावे, ते तीन दिवस नीट टिकते. आठवड्यातून दोनदा रात्रपाळीच्या डब्यात सार्डिन न्यावे: कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर परतून त्यात मासा काट्यांसह कुस्करावा, वर लिंबू पिळावे, मीठ घालू नये; बाजरीच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर ते चांगले लागते, आणि माशाच्या सोबतीने भाकरीतले लोहही अधिक शोषले जाते. टूनाचा एखादा डबा कपाटात असू द्यावा, तो गॅस पेटवायचाही कंटाळा येतो त्या दिवसासाठी.

डबा घेताना तो फुगलेला, गळका किंवा शिवणीपाशी चेपलेला असेल तर तसाच परत ठेवावा. फुगलेला डबा चव घेऊनसुद्धा पाहू नये, कारण बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष चवीला किंवा वासाला कळेलच असे नाही. उघडल्यावर उरलेला मासा स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणबंद भांड्यात काढून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. पाळीवर नेलेला मासा उन्हाळ्यात चार-सहा तास बाहेर राहणार असेल तर नेऊ नये. टूना, बांगडा, तारली या माशांत उष्णतेत राहिल्यास हिस्टामिन तयार होते आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही; खाल्ल्यावर तोंड चुरचुरणे, चेहरा लाल होणे, डोके ठणकणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजून कायमचा मासा सोडतात.

आपल्या आईंसाठी आठवड्यातून दोनदा ५० ग्रॅम सार्डिन, वरून मीठ न घालता, त्या दिवशी पापड-लोणचे बंद, हे प्रमाण मला योग्य वाटते. कॅल्शियमची भिस्त दूध-ताक आणि नाचणीवरच ठेवावी. मात्र सुरू करण्यापूर्वी तीन अहवाल पाहावे लागतील. बी-१२ चे प्रमाण फार कमी असेल तर मासा पुरणार नाही, डॉक्टरांकडून गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे लागेल. युरिक ॲसिड वाढलेले असेल, किंवा पायाच्या अंगठ्याला सूज येऊन असह्य दुखल्याचा इतिहास असेल, तर सार्डिन नको, कारण ज्यापासून युरिक ॲसिड बनते ते प्युरिन त्यात चिकनपेक्षा बरेच जास्त असते; अशा वेळी माफक चिकन आणि अंडी बरी. आणि रक्तदाब व मधुमेह दोन्ही असल्यामुळे मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, गेल्या सहा महिन्यांत झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी; त्यात दोष निघाला तर काट्यांसह खाल्लेल्या सार्डिनमधले फॉस्फरस, जे चिकनच्या दुपटीच्या घरात जाते, त्यांना सोसणार नाही, आणि मग रोजची एकूण प्रथिनेही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी लागतील.